जुन्या मंडळीनं नव्या मंडळीला काय दिलं?



या कार्यक्रमात आपण हिशेबाच्या वह्यांबद्दल बोललो, बँकेच्या हप्त्यांबद्दल बोललो, सोयाबीनच्या बियाण्याबद्दलही बोललो. आज थोडा इतिहास सांगणार आहोत. एका जुन्या ख्रिस्ती मंडळीनं आजूबाजूच्या गावांत नव्या मंडळ्या कशा उभ्या केल्या, हा आजचा विषय. गोष्ट अहमदनगरची, म्हणजे आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तिथली.

काही जणी म्हणतील, हे आपल्यात कुठून आलं? आमच्या गटांत बौद्ध बाया आहेत, बंजारा आहेत, मराठा आहेत, मुसलमान आहेत. कोणी कोणता धर्म पाळावा हे सांगायला आम्ही बसलो नाही. विषय काढला त्याचं कारण घरचंच आहे. आमच्या ग्रामसंघात सध्या एक वाद चालू आहे. जवळच्या तांड्यावर नवा गट उभा करायचा आहे. त्यासाठी आमची सगळ्यात हुशार लिपिका काही महिने तिकडे द्यायची की नाही, यावर दोन सभा गेल्या आणि निर्णय झाला नाही. तेव्हा वाटलं, हा प्रश्न आपल्याआधी कुणाला पडला होता ते बघावं.

आधी एक शब्द समजून घेऊ. आपण ‘मंडळी’ म्हणतो ते घरच्या माणसांना, पाहुण्यांना. ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे एका ठिकाणी उपासनेला जमणाऱ्या सभासदांचा संघ. त्याची सभासदांची वही असते, पदाधिकारी असतात, वर्गणी असते. पाळक म्हणजे त्यांचा धर्मगुरू. ज्या इमारतीत जमतात तिला नगरकडचे जुने लोक सरळ ‘देऊळ’ म्हणतात. इमारत पडली तरी मंडळी राहते, आणि माणसं उठून गेली तर नुसती इमारत उरते.

आता गोष्ट. १८१३ साली अमेरिकेतून गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन मिशनरी मुंबईला आले. त्यांच्या संस्थेला पुढे अमेरिकन मराठी मिशन असं नाव पडलं. मुंबईत त्यांची एक लहानशी मंडळी झाली. १८३१ च्या डिसेंबरात तिथून तीन मिशनरी अहमदनगरला राहायला गेले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ नावाचा एक मराठी ब्राह्मण होता. त्यानं त्याच वर्षी मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. मुंबईच्या मंडळीत बोटावर मोजण्याइतकी मराठी माणसं होती आणि त्यातलाच एक तिनं पुढे पाठवून दिला. मराठी बोलणारा, लोकांच्या ओसरीवर बसून समजावून सांगू शकणारा तोच होता. साहेबांचं मराठी कसं असेल याची कल्पना तुम्हीच करा.

नगरला तेव्हा गोरगरिबांसाठी एक आश्रयस्थान होतं. आंधळे, लंगडे, म्हातारे, कुणीच नसलेले लोक तिथं राहत. बाबाजी त्यांच्यात जाऊन बसायचा. १८३३ मध्ये नगरची मंडळी स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या सभासदांत या गरीबखान्यातली माणसं होती. पुढे पन्नास वर्षं जिनं गावोगावच्या मंडळ्यांना हात दिला, तिची सुरुवात ही अशी. त्याच १८३३ साली बाबाजी पटकीनं गेला. नगरला आलेल्या तिघा मिशनऱ्यांपैकी हर्वी साहेब त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते. तरी मंडळी राहिली.

पुढची वीस वर्षं भरभर सांगतो. शाळा निघाल्या. १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती आणि त्यांचा भाऊ नारायण या ब्राह्मण भावांनी बाप्तिस्मा घेतला, त्याचा मोठा गवगवा झाला. हरिपंतांचं आडनाव खिस्ती. नावाच्या या योगायोगावर तेव्हाही लोक हसले असतील. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मासिक नगरहून निघू लागलं. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं घडत होतं ते शहराबाहेर, गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या खेड्यांत.

तिथं मंडळीत येत होते ते मुख्यतः महार समाजाचे लोक. महारवाड्यात एखादा शिक्षक यायचा, झाडाखाली नाहीतर एखाद्या पडवीत शाळा भरवायचा. ज्यांच्या पोरांना गावच्या शाळेच्या पायरीवर बसू दिलं नसतं, त्यांच्या हातात पाटी यायची. आपल्यातल्या ज्या घरांनी पुढे शंभर वर्षांनी बाबासाहेबांचं ऐकून पाटी हातात घेतली, त्यांना या पाटीचं मोल वेगळं सांगायला नको. शाळेभोवती पाच-सहा घरं जमायची. त्यांची नावं मात्र नगरच्या मंडळीच्या वहीत. प्रभुभोजनाचा विधी करायचा तर दीक्षा घेतलेला पाळक लागतो, आणि तो नगरला. म्हणजे बाळंतीण असो की म्हातारी, विधीला हजर राहायचं तर कोसच्या कोस चालत शहर गाठायचं, नाहीतर साहेबाचा तंबू गावाकडे येईपर्यंत वाट बघायची.

हे ऐकून तुम्हाला काही आठवलं का? वाडीवरच्या, तांड्यावरच्या बायांची नावं मोठ्या गावच्या गटात असतात. बैठक मोठ्या गावात, पासबुक मोठ्या गावात, आणि रोजी बुडवून चालत यायचं तांड्यावरच्या बाईनं. अंतर्गत कर्ज कुणाला द्यायचं हे ठरतं तेव्हा ती बहुतेक वेळा रस्त्यात असते.

१८५४ च्या शेवटी अमेरिकेहून मिशनच्या मुख्य कचेरीचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले. या अँडरसन साहेबांचं एक म्हणणं होतं, ते जगभर गाजलं. मंडळीनं आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपल्यासारख्या दुसऱ्या मंडळ्या आपणच उभ्या कराव्यात. इंग्लंडच्या एका मोठ्या मिशनचे सचिव हेन्री व्हेन हेही त्याच काळात हेच सांगत होते. ही तीन वाक्यं आपल्या प्रशिक्षणाच्या भिंतीवर लावली तर ती बचत गटासाठीच लिहिली आहेत असं कुणालाही वाटेल.

या पाहणीच्या सुमारास, १८५४-५५ च्या दरम्यान, नगरमध्ये दोन गोष्टी झाल्या. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी माणसांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. आणि नगरच्या मंडळीचे दोन भाग होऊन एकीचा कारभार हरिपंतांकडे, दुसरीचा रामकृष्णपंतांकडे आला. त्यानंतरच्या काळात शिंगवे, खोकर, वडाळा अशा गावांतल्या सभासदांच्या स्वतःच्या मंडळ्या झाल्या. जुन्या वहीतली नावं नव्या वहीत गेली.

नावं जाण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. या लोकांच्या रिवाजात सभासद एका मंडळीतून दुसरीत जाताना जुनी मंडळी त्याच्याबरोबर पत्र देते. हा माणूस आमच्यात होता, चांगल्या चालीचा आहे, आम्ही याला तुमच्या हवाली करतो, अशा अर्थाचं. भांडून निघालेल्याला पत्र मिळत नाही, आणि पत्र दिलं म्हणजे त्याच्यावरचा आपला हक्क संपला. आपल्याकडे बाई दुसऱ्या गटात गेली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ‘गट फोडला’ म्हणतात. तिची बचत परत द्यायला महिने लावतात, हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. वीसच्या वर बाया झाल्या तर दोन गट करावेच लागतात, तरी तो दिवस सुतकासारखा जातो. निरोपाचं एक कागदी पत्र देण्याची रीत आपल्यात असती, तर किती भांडणं मुळातच झाली नसती असं आम्हाला वाटतं.

नगरच्या मंडळीला हे सोपं गेलं असं समजू नका. शहरातल्या मंडळीत शिकलेली माणसं थोडी. जो वाचू शकतो, समजावू शकतो, त्याला खेड्यात शिक्षक म्हणून धाडायचं, म्हणजे आपल्या देवळातली जागा रिकामी करायची. शहरात राहणाऱ्याला खेड्याच्या महारवाड्यात घर करायचं, तिथल्या विहिरीचे, पाटलाच्या धमक्यांचे प्रश्न अंगावर घ्यायचे. ख्रिस्ती झालेल्या महारांनी देवळापुढे वाजवणं, मेलेली ढोरं ओढणं अशी गावकीची कामं सोडली की गाव बिथरायचं. तेव्हा त्यांच्या बाजूनं अर्ज लिहायला तोच एकटा शिक्षक. शाळेच्या खोलीतच रविवारी उपासना, तिथंच संध्याकाळी भांडणाचा निवाडा. साधी कुडाची खोली, पण गावातल्या काही माणसांसाठी ताठ मानेनं आत शिरण्याची पहिली जागा.

आणखी एक गोष्ट. पाळक ब्राह्मण घरातून आलेला, समोर बसलेले लोक महार, आणि प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांत एकच. मिशननं या बाबतीत सूट दिली नाही. जात पाळायची तर सभासद होता येणार नाही, असा त्यांचा नियम होता. मनातली जात एवढ्यानं जाते का, तर नाही. पण नियम वहीत असला की निदान त्यावर बोट ठेवून भांडता येतं.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी गाठ तिथंच पडली. अँडरसन साहेबांचं तत्त्व होतं की मंडळीनं आपला खर्च आपण भागवावा. पण खेड्यातली मंडळी म्हणजे बलुत्यावर जगणारी घरं. दुष्काळ पडला की पोटाला नाही तिथं वर्गणी कुठून? १८७६ ते ७८ च्या दुष्काळात तर गावंच्या गावं उठली. त्यामुळे शिक्षकाचा पगार मिशनकडूनच येत राहिला. आणि पगार जिथून येतो तिथला हुकूमही येतो. गावची मंडळी नावाला स्वतंत्र, पण शिक्षक कोण, त्याची बदली कुठे, शाळा चालू की बंद, हे साहेबाच्या बंगल्यावर ठरायचं. दुसरीही बाजू बघा. अँडरसन साहेबांना इंग्रजी शाळांवरचा खर्च पटत नव्हता. गावाला मराठी शिकलेला पाळक पुरे असं त्यांचं मत. स्वावलंबनाचा हा सल्ला देणारा स्वतः इंग्रजीच शिकलेला होता, आणि इंग्रजीनं नोकऱ्या मिळतात हे इथल्या आईबापांना चांगलं कळत होतं. ‘तुम्ही आपल्या पायावर उभं राहा’ असं वरून कुणी सांगतं, तेव्हा पायाखालची जमीन किती द्यायची हेही वरच ठरलेलं असतं, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

या गाठीचा सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे कवी नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळकांचे यजमान. ‘स्मृतिचित्रे’ आपल्यातल्या काही जणींनी वाचलं असेल; नसेल तर वाचनालयात मागा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि बरीच वर्षं नगर-राहुरीकडे मिशनच्या कामात होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ नावाचा स्वतंत्र संघ सुरू केला. पगारी माणूस म्हणून बोलायचं नाही, आपल्या लोकांत आपल्या रीतीनं राहायचं, असा त्यांचा ध्यास होता. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. मागं राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी संसार कसा ओढला, ते मात्र त्यांच्याच शब्दांत वाचण्यासारखं आहे. थोर पुरुष नोकरी सोडतात तेव्हा पिठाच्या डब्याकडे कोण बघतं, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात फारसा येत नाही.

आणि बाया? सिंथिया फरार बाई १८२७ मध्ये अमेरिकेहून एकट्या मुंबईला आल्या, लग्न न केलेल्या. १८३९ पासून १८६२ मध्ये मरेपर्यंत त्या नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि मुलींची शाळा काढण्याचं त्यांच्या मनानं घेतलं. सावित्रीबाईंच्या शिक्षणाच्या गोष्टीतही फरारबाईंचं नाव येतं. म्हणजे एका मंडळीभोवतीच्या शाळेतून पुण्यात एक वेगळंच रोप उगवलं, आणि ते मंडळीच्या वहीत कधीच नव्हतं.

गावच्या मंडळ्यांत घरोघर जाऊन बायांना वाचून दाखवणाऱ्या, अक्षरं शिकवणाऱ्या बायका असत. त्यांना ‘बायबल बाई’ म्हणत. पुष्कळदा विधवा, टाकलेल्या. पुरुष शिक्षकाला ज्या उंबऱ्याच्या आत जाता येत नव्हतं तिथं त्या चुलीपर्यंत जायच्या. अशा बायकांच्या पगारासाठी अमेरिकेतल्या बाया पै-पैसा गोळा करत. बोस्टनला १८६८ मध्ये त्यांनी त्यासाठी बायांचं वेगळं मंडळच काढलं. शिवणकाम करत बसलेल्या तिकडच्या शेतकरणी आणि इकडे नेवाशाकडच्या वाटेनं चालणारी एक विधवा. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नाही.

आपल्याच देशातलं एक उदाहरण याहून जवळचं आहे. मिझोराममध्ये १९१० च्या सुमारास ख्रिस्ती बायांनी रीत सुरू केली. भात शिजवायला घेताना मूठभर तांदूळ बाजूला काढायचे. आठवड्याला ते गोळा करून विकायचे आणि त्यातून प्रचारक बायांचा, नव्या मंडळ्यांचा खर्च करायचा. ती मूठ अजून चालू आहे आणि तिचा हिशेब आता कोटींत जातो. आपल्या ‘मूठभर धान्या’च्या गटांना हे नवं नाही. मात्र तिथंही मूठ बायांची आणि पाळक, वडील पिढ्यान्‌पिढ्या पुरुष.

नगरकडे परत येऊ. लहान लहान मंडळ्या झाल्या तेव्हा एकेकटी पडून त्या सुकतील अशी भीती होती. १८६० नंतर त्यांनी आपला एक संघ केला, त्याला ‘ऐक्य’ म्हणत. वर्षातून एकदा गावोगावचे लोक बैलगाड्या जोडून नगरला जमायचे, आपापल्या मंडळीचा हाल सांगायचे. रात्री कीर्तन. हो, कीर्तनच, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी टाळ-वीणा घेऊन ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि खेड्यातल्या माणसाला ते साहेबाच्या प्रवचनापेक्षा कितीतरी जवळचं वाटलं. गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी जी आपली उतरंड आहे, तिच्यासारखंच हे. पुढे हा प्रवाह मोठ्या नदीला मिळाला. १९७० च्या नोव्हेंबरात आपल्या नागपूरला उत्तर भारतातल्या अनेक मंडळ्या एक झाल्या, त्यांत या मराठी मंडळ्याही होत्या.

आपल्या वाशीमचं काय, असं कुणी विचारेल. इथं आधी मेथडिस्ट मिशनचं काम होतं. १९३० च्या दशकात त्यांनी ते नाझरेन चर्चच्या हाती सोपवलं. १९३८ मध्ये एका जुन्या शाळेच्या इमारतीत डॉ. ऑर्फा स्पायकर बाईंनी दवाखाना सुरू केला. तेच रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. तुमच्यापैकी कितीतरी जणींची बाळंतपणं, निदान तुमच्या आयांची, तिथं झाली असतील. एका संस्थेनं आपलं चालू काम, आपली जागा दुसऱ्या नावाच्या संस्थेला देऊन टाकली, म्हणून पुढे हे शक्य झालं. आपल्याकडे समाजमंदिराची किल्ली एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जायला सरपंचाला मध्ये पडावं लागतं.

आता आमच्या वादाकडे. उमेदचं काम सुरू झालं तेव्हा आंध्रातल्या बाया महाराष्ट्रात येऊन, मोडक्यातोडक्या हिंदीत बोलून गट बांधून गेल्या होत्या. पुढे आपल्याच वर्धिनी तयार झाल्या. पंधरा दिवस परक्या गावात राहायचं, दारोदार फिरायचं, गट बसवून परत यायचं. म्हणजे आपला गटही कुणीतरी आपलं घर सोडून आलं म्हणून उभा राहिला. नगरच्या गोष्टीवरून आम्ही ग्रामसंघापुढे चार मुद्दे मांडले आहेत. लिपिका सहा महिने तांड्यावर जाईल, तोवर आपली वही तिच्या हाताखाली शिकलेली पोरगी लिहील. चुका होतील, त्या तपासायला दोघी नेमू. लिपिकेचं मानधन पहिले तीन महिने आपला ग्रामसंघ देईल, पुढचे तीन महिने निम्मं तांड्याचा गट देईल, म्हणजे सुरुवातीपासून तिच्या कामावर त्यांचाही हक्क राहील. तांड्यावरच्या ज्या सात जणी सध्या आपल्या गटांत आहेत, त्यांची बचत व्याजासह एका सभेत मोजून द्यायची आणि प्रत्येकीला पत्र द्यायचं. आणि तांड्याच्या गटाची अध्यक्ष, सचिव त्या निवडतील. बैठकीचा वार आणि जागा त्याच ठरवतील, आपल्याला सोयीची नसली तरी.

तिसऱ्या मुद्द्यावर सगळ्या राजी आहेत. मानधनावर अजून दोन गट अडून बसले आहेत. त्यांचं म्हणणंही खोटं नाही, यंदा तूर गेली आहे आणि ग्रामसंघाच्या खात्यात फार नाही. पौर्णिमेनंतरच्या बुधवारी सभा आहे, दुपारी तीन वाजता. तांड्यावरच्या सातही जणींना बोलावलं आहे, आणि त्या वेळेवर पोहोचाव्यात म्हणून सभा या वेळी तांड्याच्या वाटेवरच्या शाळेत ठेवली आहे.